गादीतला उजवा पाय

...आणि म्हणतात, उजव्या पायाला टोच. अहो, पण उजवा पाय आहे कुठे? तुम्हीच सांगा. सुई टोचायची म्हणजे कातडी पाहिजे, कातडीखाली मांस पाहिजे, मांसात नस पाहिजे. सहा वर्षं चीनमध्ये मी हेच शिकले ना, की नुसती थंडीत गारठून परत आले? इथे गुडघ्याखाली चार बोटं पाय आहे आणि त्याच्यापुढे चादर आहे. चादरीवर पिवळी फुलं आहेत. आणि माझे बाबा, पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून, दुपारी सव्वाचार वाजता त्या चादरीकडे बोट दाखवून मला सांगतात, "तिथं. त्या फुलाच्या बाजूले. अंगठा अन् शेजारचं बोट, त्याच्या मधात."

मी मनाशी म्हटलं, कौमुदी, भूत नाही हे. शरीरशास्त्र आहे. हे वाक्य मी गेलं वर्षभर म्हणत आले आहे, माणसं देवाचं नाव घेत नसतील इतक्या वेळा, आणि दर वेळी आवाज थोडा थोडा खाली जात गेला आहे... पण थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी बापाला सोडून चादरीवर औषधपाणी करते.

आम्ही रायपूरचे, बूढापाऱ्यातले. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेत आले, बाबाही रेल्वेत लागले. वीस वर्षं फाटकावर गेटमन, मग यार्डात पॉइंट्समन, म्हणजे डबे जोडायचे, सोडायचे, रूळ बदलायचे. मी दहा वर्षांची होते तेव्हा छत्तीसगढ वेगळं झालं, आपलं रायपूर राजधानी झालं. शाळेत पेढे वाटले आणि मास्तर म्हणाले, मुलांनो, या नव्या राज्याला आता डॉक्टर लागतील. मी ते मनावर घेतलं. बाकीच्यांनी पेढे घेतले.

इथे नंबर लागला नाही, म्हणून चीनला गेले. हसू नका. परत आल्यावर इथली परीक्षा पहिल्या खेपेला पास झाले मी. बरोबरीचे कोणी गुडगावला राहिले, कोणी दुबईला गेले, आणि मी म्हटलं, नाही, आमच्या राज्याला डॉक्टर लागणार आहेत, मला मास्तरांनी सांगितलं आहे. आले. आणि आमचे शेजारी यज्ञेश्वरकाका, ज्यांनी जन्मभर लोकांचे टीव्ही आणि पंखे दुरुस्त केले, त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि आईला काय विचारलं? "वहिनी, चायना माल आहे. गॅरंटी कार्ड पाहून घेतलं ना?"

असो. तर चीनमध्ये आमच्या हॉस्पिटलात सुयांचा एक विभाग होता आणि त्याच्या मागे एक प्रयोगशाळा होती, तिथे मी सुईच्या प्रेमात पडले. जादूच्या नाही बरं का, सुईच्या. कारण मी डोळ्यांनी पाहिलं. उंदराच्या पायात सुई टोचली आणि फिरवली की आतल्या मांसाचे धागे तिच्याभोवती असे गुंडाळले जातात, चातीभोवती सूत गुंडाळावं तसे. पेशी ताणल्या जातात. त्यातून अडेनोसिन नावाचं एक द्रव्य झरतं आणि ते शेजारच्या नसेला म्हणतं, चूप बस. नस चूप बसते. हे झालं गल्लीतलं काम. मग खबर नसेतून पाठीच्या कण्यात जाते, तिथून मेंदूत, आणि मेंदू काय करतो? स्वतःच्या घरची अफू काढतो. हो, अफू. एंडॉर्फिन म्हणतात तिला. ती वरून खाली हुकूम सोडते की दुखण्याला आत येऊ देऊ नका. आणि याला पुरावा आहे. त्या उंदराला अफूवरचा उतारा दिला की सुईचा गुण बराचसा नाहीसा होतो. म्हणजे आहे काही तरी. भूत नाही, शरीरशास्त्र आहे. मला वाटलं, एवढी स्वस्त, एवढी साधी सुई, ही मी माझ्या राज्यात नेणार, गोळ्यांनी पोट जाळणाऱ्या माझ्या लोकांना देणार, आणि प्रत्येकाला ती काय करते ते समजावून सांगणार. रोग्याला अंधारात ठेवून टोचायचं नाही, असं मी ठरवलंच होतं.

आता मला कोणी अंधारात ठेवलं होतं ते ऐका.

शेवटच्या वर्षी, दर रविवारी, यज्ञेश्वरकाकांच्या कॉम्प्युटरवर बाबा मला दिसायचे. छातीपर्यंत. टेबल, टेबलाच्या वर बाबा, मागे काकांचे उघडे पडलेले टीव्ही. मी म्हणायची, बाबा, जरा उभे राहा ना, वाळल्यासारखे दिसता. तर म्हणायचे, "उभा राह्यलो तर कॅमेऱ्यात मावत नाही मी. उंच झालो." आणि मी हसायची. आई मागून म्हणायची, अभ्यास कर. वर्षभर मी त्या उंच झालेल्या माणसाकडे पाहून हसले.

मग आले. रायपूर स्टेशनवर उतरले तर आई आणि काका. म्हटलं, बाबा का नाही आले? आई माझी बॅग उचलत म्हणाली, "त्याहीचा पाय दुखून राहिला व."

पाय दुखून राहिला. मी म्हटलं, काळजी नाही, मी आहे आता. माझ्याकडे सुया आहेत. रिक्षात सगळा रस्ता मी आईला अडेनोसिन सांगत आले. ती हव, हव म्हणत राहिली.

घरी बाबा दिवाणावर बसले होते. मांडीवर पांघरूण. मी धावत जाऊन खाली वाकले, नमस्काराला दोन्ही हात पुढे केले... डाव्या हाताला पाय लागला. उजव्या हाताला फरशी लागली. थंड.

यार्डात, वर्षभरापूर्वी, दुपारी सव्वाचारला, डबे जोडताना. माझी परीक्षा होती म्हणून कळवलं नाही. पुढच्या वेळीही परीक्षा होती. मेडिकलमध्ये परीक्षा संपतात कधी? मी आईला म्हटलं, स्टेशनवर खोटं का बोललीस? तर ती गोंधळली. खरंच गोंधळली हो. म्हणाली, "खोटं कुठी बोलली मी? दुखूनच राहिला ना तो."

आणि खरंच दुखत होता. नसलेला पाय दुखत होता. तुम्ही ऐकलं असेल असं, मी तर पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत पाच गुणांची टीप लिहिली होती त्यावर. पाय जातो, पण मेंदूतला पायाचा नकाशा जात नाही. रूळ उखडून नेले तरी कॅबिनमधली घंटी वाजत राहते. भूत नाही, शरीरशास्त्र. पण पाच गुणांच्या टिपेत हे नसतं की तो पाय घरात राहतो.

कसा राहतो, सांगते. दिवाणाच्या पायथ्याशी, उजव्या बाजूला, फरशीवर एक हातभर जागा आहे. तिथे आई पाय ठेवत नाही. वळसा घालून जाते. झाडू मारताना तिथे हळू मारते. मी विचारलं, काहून? तर म्हणाली, "तिथं लटकून राहते तो." भेटायला येणारे पहिल्यांदा विसरतात, बाबा "स्स" करून तोंड वाकडं करतात, मग आई सांगते, पाय आहे तिथं, आणि तो शहाणासुरता माणूस, एखादा तर मंत्रालयातला बाबू, दचकून मागे सरतो आणि म्हणतो, अरे सॉरी. कोणाला सॉरी म्हणता? सरकारने दिलेला नकली पाय खिळ्याला टांगलेला होता. मी म्हटलं, बाबा, हा लावा ना, चालता येईल. तर म्हणाले, "कुठी लावू? तिथं माझा आहे ना आधीचा. दोन कसे मावतीन?"

आणि रोज दुपारी सव्वाचार वाजले की त्या पायात बूट आवळायला लागायचा. तोच बूट, यार्डातला, जो पायाबरोबरच गेला. बोटं आत मुडपायची. बाबांना घाम फुटायचा. ओरडत नसत ते. "बूट काढा," एवढंच म्हणायचे, अगदी हळू, कोणाला त्रास होऊ नये असं. आणि आई, माझी आई प्रेमला, जी फणस एकटी फोडते, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. कारण काढणार काय?

मग गोळ्या. दोन, मग चार, मग सहा. मी आल्यावर पहिलं काम केलं, रक्त तपासलं. किडनीचा आकडा नको तितका वर गेलेला. मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, या गोळ्या आजपासून बंद, नाहीतर सहा महिन्यांत यांना डायलिसिसला घेऊन याल. दुसऱ्या जातीची गोळी दिली, तर चक्कर येऊन बाबा कुबडीसकट पडले. म्हणजे आता राहिलं काय? मी राहिले. मी आणि माझ्या सुया. आणि तुम्हाला खरं सांगते, मनात कुठेतरी मला आनंद झाला, इतकी मूर्ख मी. म्हटलं, हेच, यासाठीच तर आले मी.

आता शास्त्र काय सांगतं? उजवा नाही, तर डाव्याला टोचा. चांगल्या पायाला. कारण कण्यात दोन्ही बाजूंच्या तारा शेजारी शेजारी आहेत, आणि अफूचा हुकूम सगळीकडे पोचतो. मी बाबांना सगळं समजावलं, रेल्वेच्या भाषेत. म्हटलं, कण्यात एक फाटक आहे, बाबा. दुखण्याची गाडी येते. आपण सुई टोचली की फाटक बंद होतं.

झालं. गेटमनला फाटक सांगितलं मी.

"बंद करायचा हुकूम कोण देते?"

म्हटलं, वरून येतो, मेंदूतून.

"प्रायव्हेट नंबर देते काय?"

मला आठवलं, स्टेशनमास्तर फोन करतो, नंबर देतो, गेटमन आपला नंबर देतो, वहीत लिहितो, मगच फाटक. म्हटलं, नाही हो, तसं नसतं, रसायनं असतात.

"मंग भरवसा कसा? नंबराबिगर मी कधी फाटक बंद नाही केलं. अन् गाडी येऊन कोठून राहिली? त्या लाईनीवर तर रूळच नाहीत." मग माझ्याकडे चष्म्यावरून पाहत, "दुखते उजवं, टोचते डावं. चीनमध्ये डावं-उजवं शिकवत नाहीत काय व?"

तरी टोचल्या. डाव्या गुडघ्याखाली, घोट्यावर, रोज वीस मिनिटं. थोडा फरक पडला. थोडा. सव्वाचारचे साडेचार झाले, इतका. मी वहीत लिहिलं, सुधारणा आहे. आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासलं तर आकडा वर. वर कसा? गोळ्या बंद, मग वर कसा? उशी उचलली तर खाली त्याच गोळ्यांची पट्टी, चार फोडलेल्या. आणून कोणी दिल्या? यज्ञेश्वरकाकांनी. मी भांडायला गेले तर म्हणाले, "बेटा, तो बूट काढा म्हणते ना, तर मले आयकवत नाही. तू पंधरा दिवस आयकलं, आम्ही वर्षभर आयकलं."

त्याच दुपारी बाबा म्हणाले, उजव्याला टोच.

आता तुम्ही मघाशी जिथे होता तिथे आलात. पिवळं फूल. मी म्हटलं, बाबा, तिथे काही नाही. ते म्हणाले, "तुले दिसत नाही." सव्वाचार वाजत होते. मी रोग्याशी खोटं वागणार नव्हते ना, ठरवलं होतं ना मी? पण उशीखाली गोळ्या होत्या आणि किडनीचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी सुई काढली, कापसाने... काय पुसलं मी? चादर. चादर स्पिरिटने पुसली. सवय असते हो. आणि टोचली.

"थोडी खाली."

खाली टोचली.

बाबांनी श्वास आत घेतला. "हं. लागली."

मी सुई फिरवली. गादीतला कापूस सुईला गुंडाळला गेला, मला बोटांना कळलं, अगदी तसंच, जसं मांसात कळतं. आणि बाबा म्हणाले, जड झालं, मुंग्या वर चढून राहिल्या, नडगीवरून. हे शब्द मी त्यांना कधी सांगितले नव्हते. जड होणं, मुंग्या, वर चढणं, हे सुई बरोबर बसल्याची खूण म्हणून आमच्या मास्तरीणबाई सांगायच्या. पाच मिनिटांत बाबांचा जबडा सुटला. दहा मिनिटांत म्हणाले, "निघाला." काय निघाला? "बूट." आणि झोपले. दुपारी साडेचारला, वर्षानंतर पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून. आई दारात पदर तोंडात धरून उभी. मी बसले त्या सुईकडे पाहत. गादीत अडेनोसिन नसतं. कापूस आहे तो, सदर बाजारातून आणलेला, मला दुकान माहीत आहे.

भूत नाही. शरीरशास्त्र आहे. मी मोठ्याने म्हटलं, त्या रात्री, घरात कोणी जागं नसताना. आणि खरंच आहे हो. आता बरं वाटणार, असं माणसाला मनापासून वाटलं की मेंदू तीच घरची अफू काढतो, तीच, आणि उतारा दिला की ती पण उतरते, यावरही प्रयोग झाले आहेत. पण मग मला सांगा, मी आतापर्यंत ज्या ज्या पायांना टोचलं, खऱ्या, गरम, केसाळ पायांना, तिथे काम कोणी केलं? सुईने, की वाटण्याने? किती सुईने, किती वाटण्याने? हा प्रश्न मला धरून बसला. जेवताना समोर बसायचा. दवाखान्यात कोणाच्या खांद्यात सुई घातली की तो कानाशी म्हणायचा, कापूस.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा घेतली. बाबा डोळे मिटून पडले होते, मी मुद्दाम सुई वीतभर वर टोचली. ते डोळे न उघडता म्हणाले, "तो घोटा आहे." ऐकू येतं, मी म्हटलं, गादी दबते, त्यांना कळतं. कळतच असणार. कारण असतं प्रत्येक गोष्टीला. पण मी उठून पाणी प्यायले आणि येताना... वळसा घालून आले.

महिना गेला. गोळ्या शून्य. किडनीचा आकडा खाली आला, थांबला. आई खुश, काका खुश. आणि मी? मला बापाशी खोटं बोलणं सोसवेना. एक दिवस सुया उकळायला ठेवल्या आणि ठरवलं, सांगायचं. भीती होती, सांगितलं की गुण जाईल, बूट परत येईल, गोळ्या परत येतील. तरी दिवाणाजवळ जाऊन म्हटलं, "बाबा, ती सुई नुसती कापसात जाते."

"मले माहीत आहे."

"मग?"

बाबा म्हणाले, "पाय गेला तवा मी होतो ना तिथं. तू नव्हती. मी जाताना पाह्यला. मले कशाले समजावते, नाही म्हणून?" आणि मग म्हणाले, "फाटक सोडून किती वर्षं झाले मले. अजून शिटी आयकू आली का हात उठते झेंडीसाठी. हाताले काय माहीत नाही, फाटक नाही म्हणून? माहीत आहे. तरी उठते. अशा हाताले रागवत नाहीत, पोट्टी. झेंडी देऊन द्यावं. दाखवते, अन् खाली होते."

सहा वर्षांत इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं मला. मी मान खाली घालून बसले, तर वरून हळूच म्हणतात, "अन् तू तर माझ्यापेक्षा जास्त करते. रोज चहा ठेवते तवा काय म्हणते? बाबा, पाय घ्या बाजूला."

म्हणते मी? मी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. रोज म्हणते. आल्या दिवसापासून. दोन पायांचे बाबा मी स्टेशनवर सोडून गेले होते ना... मी तो जाताना पाहिलाच नाही. मग माझ्यासाठी तो गेला कधी?

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? जरा रडून, जरा शहाणं होऊन. पण आमच्या शेजारी यज्ञेश्वरकाका राहतात.

त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं आणि सदर बाजारभर सांगितलं. सोमवारी माझ्या दवाखान्यात एक सराफीण आली, गुडघा धरून. मी सुई काढली तर म्हणाली, "डॉक्टर दीदी, मुझे भी गद्दे में लगा दो ना. चमड़ी में डर लगता है." मी म्हटलं, अहो, पण तुमचा गुडघा आहे. ती म्हणाली, "है, तभी तो दुखता है." तिच्या मागे एक कंबर, एक खांदा, सगळ्यांना गादी पाहिजे. एक जण घरून उशी घेऊन आला. मी त्यांना अडेनोसिन समजावलं, फळ्यावर काढून दाखवलं. ते म्हणाले, हव, हव. आणि उशी पुढे केली.

ते बरं म्हणावं असं पुढे घरात झालं.

मी एका शिबिरासाठी धमतरीला गेले, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आता त्या गादीची काय दशा झाली होती, रोज सुया टोचून टोचून? खोळ फाटली होती, कापूस बाहेर आला होता. आईला फाटकं दिसलं की राहवत नाही. दुपारी जेवणं झाली, बाबा लवंडले, आणि आईनं गोधडीची मोठी सुई घेतली, जाड दोरा ओवला, आणि खोळ शिवली. चार टाके. जागेवरच, बाबा वर असतानाच.

पाच वाजता मी आले. बाबा उताणे, कपाळावर घाम, डोळे छताला. आई कोपऱ्यात, हातात सुईदोरा. आणि दारात यज्ञेश्वरकाका, मूठ बंद. मी ओळखलं मुठीत काय आहे ते. म्हटलं, काय झालं?

बाबा म्हणाले, "पाय शिवला तुह्या मायनं."

आई म्हणाली, "मी म्हटलं होतं बाजूले घ्या. हे म्हणे घेतला."

"झोपेत म्हटलं असन."

म्हटलं, बाबा, उठून तर बघा. त्यांनी जोर केला. मांडी उठली, गुडघा उठला, आणि तुम्हाला सांगते, मी डोळ्यांनी पाहिलं, ताण बसल्यासारखा पाय मध्येच अडकला आणि खाली आला. तोंड पांढरं पडलं त्यांचं. नाटक नव्हतं ते. नाडी माझ्या हातात होती, एकशे वीस. काका पुढे झाले, "बेटा, देऊन दे एक. एकच." एक दिली की उद्या दोन, परवा चार, आणि मग डायलिसिसच्या यंत्राशेजारची खाट. दोन महिने मी त्या आकड्याला धरून खाली आणलं होतं. म्हटलं, काका, मूठ बंदच ठेवा. आणि कात्री घेतली.

पहिल्या टाक्याला टोक लावलं तर बाबांनी माझं मनगट धरलं. "सुन्न नाही करत काय तुमच्यात? टाके काढतानी?"

सुन्न कुठे करू? कापसाला?

तर त्यांनी डावा पाय पुढे केला. चांगला, खरा, कातडी-मांसाचा. म्हणाले, "याले टोच. तूच म्हणे ना, इकडं टोचलं का तिकडचं फाटक लागते."

मी टोचल्या. गुडघ्याखाली चार बोटं, घोट्यावर, अंगठ्याच्या खोबणीत, अगदी शिकवल्याप्रमाणे, फिरवून, जड होईपर्यंत. वीस मिनिटं घड्याळ लावून बसलो आम्ही चौघं. मग मी एक एक टाका उचलून कापला आणि दोरा ओढून काढला. दर टाक्याला विचारलं, लागलं? नाही. लागलं? नाही. चौथा निघाला आणि बाबांनी सुस्कारा सोडला, मांडी अलगद उचलली, बाजूला ठेवली, आणि चहा मागितला. काका गोळ्या घेऊन आपल्या घरी गेले. डाव्या सुईने उजव्याचं दुखणं थांबतं, हे मी महिनोन्‌महिने सांगत होते, ते माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर, चोख सिद्ध झालं हो!

मग मी केसपेपर काढला, कारण नोंद ठेवल्याशिवाय विज्ञान पुढे जात नाही. नाव लिहिलं, हरिदास. वय लिहिलं. उपचार लिहिला, सुयांच्या जागांसकट. गुण लिहिला, पूर्ण. एकच रकाना राहिला, पायाला नेमकं काय झालं होतं. अर्धा तास पेन धरून बसले. भूत म्हणून लिहिता येत नाही, आणि शरीरशास्त्रात बसत नाही. शेवटी जे झालं तेच लिहिलं, काय करणार?

"आईने शिवला होता."